जाळीवरचे थेंब

हे कुणाला सांगायचं नाही, अशी बाबांनी मला शपथ घातली आहे. म्हणून लिहिते आहे.

बाबा शहापूरच्या दवाखान्यात कंपाउंडर. डॉक्टर कापतात, बाबा रोग्याच्या नाकावरच्या जाळीवर भुलीच्या औषधाचे, क्लोरोफॉर्मचे थेंब सोडतात. अशा घरात किस्से रिकाम्या बाटल्यांसारखे साठतात, टाकवतही नाहीत! पण आज आईच्या पोटातली गाठ काढायची आहे, आणि घाबरलेल्या काळजाला हे औषध बाधतं. आईच्या कानावर यातलं काही जाता कामा नये.

एकदा डॉक्टरांनी व्हरांड्यात बेडकाचं काळीज काढून बशीत ठेवलं. ते आपलं आपण धडधडत होतं! "वरच्या टोकाशी एक ठिपका असतो. तो ताल धरतो, बाकीचं काळीज त्याच्यामागून चालतं," डॉक्टर म्हणाले. क्लोरोफॉर्मचा थेंब पडला. ताल मंद, आणखी मंद, बंद. मिठाच्या पाण्यानं धुतलं, तर पुन्हा सुरू!

झाडलोट करणारी राधामावशी लांबूनच म्हणाली, "बेडकाला मीठ चाललं. मानसाला काय लावनार, डाक्टर?"

डॉक्टरांनी बशी उचलून आत नेली.

भूल चढताना रोग्याला आकडे म्हणायला लावतात. खर्डीचा एक शेतकरी म्हणाला, "लाभ!" भात मापताना पहिल्या मापाला आमच्याकडे कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. डॉक्टर तेव्हा पुण्याहून नवे आलेले.

"एक म्हण!"

"नाय, लाभ! लाभ! लाभ!"

हा बरळतोय, असं डॉक्टरांना वाटलं. "आणखी सोडा!" बाबांनी सोडले. बोटाखालची नाडी हरवली! जाळी फेकली, जीभ ओढली, छाती दाबदाबून त्याला परत आणला. डोळे उघडून म्हणतो, "किती मापं झाली?"

मुरबाडची एक बाई बोटाच्या गळवासाठी आली होती. टेबलावर थरथरत होती. चार थेंबांतच काळीज थांबलं. परत आलं नाही. दाराबाहेरून नवरा विचारत होता, "झोपली काय हो? चार दिस डोला नाय लागला तिचा."

"झोपली," बाबा म्हणाले.

आज सकाळी मी आईची वेणी घालत होते. तीच म्हणाली, "तोंड का पाडलंस गो? मला सगळे किस्से ठाऊक आहेत. दुपारी झोपेत बडबडतात तुझे बाबा."

माझे हात थांबले.

"मला ठाऊक आहे, हे त्यांना कळू देऊ नकोस हो. बाटली त्यांच्या हातात आहे."

मी तिची नाडी धरून पाहिली. संथ होती. मग नाडी बघायला शिकायचं निमित्त करून बाबांचं मनगट धरलं, तर... राधामावशी हाक मारते आहे, "गो पोरी, टेबल मांडलाय, आईला घेऊन ये!" आले म्हणते तिला. तर बाबांची नाडी इतकी धावत होती, की मला मोजता