चार आठवडे निरंक

अण्णांच्या मरणाबद्दल मी आजवर जे बोललो नाही, ते एवढंच आहे: त्यांच्या टोमॅटोत लावलेले सापळे निकामी होते, आणि ते मला माहीत होतं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. नाशिकहून पेठकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या मळ्यांत आमचा संशोधन प्रकल्प चालू होता. टोमॅटो पोखरणारी अळी ज्या पतंगाची, त्याच्या मादीसारखा गंध भरलेली रबराची गोळी सापळ्यात टांगायची. नर त्या वासाने येऊन पिशवीत पडतात. दर आठवड्याला ते मोजायचे. जास्त पडले तरच फवारायचं. मोजायचं काम माझं. नेमणूक महिन्या-महिन्याची.

त्यातला एक मळा अण्णांचा. फवारणीनं त्यांना दम लागायचा. पंपाला हात लावू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे त्यांची बायको, म्हणजे काकू, सापळ्यांवर सगळी भिस्त ठेवून होत्या.

पहिल्या आठवड्यात पिशवी रिकामी. मी वहीत लिहिलं.

"काय लिवलं, सर?" काकूंनी विचारलं.

"निरंक."

"मंजी?"

"एकही पतंग नाही."

"मंग नाय म्हना की! एवढं शिकून साधं नाय म्हनता येईना व्हय?"

अण्णा खोकत खोकत हसले. पण शब्द काकूंना आवडला असावा. पुढच्या खेपेला आतून आवाज आला, "साखर निरंक हाय, गुळाचा च्या चालंल का?"

त्या गोळ्या फ्रिजमध्ये ठेवायच्या असतात, नाहीतर गंध उडून जातो. माझ्याकडची पाकिटं ऑक्टोबरच्या उन्हात दहा दिवस स्कूटरच्या डिकीत राहिली होती. काढली तेव्हा हाताला चटका बसला. नवी मागायची तर प्रकल्पप्रमुखांना कारण सांगावं लागलं असतं. सांगितलं नाही. तीच टांगली. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला हेच पटवत राहिलो, की आपण खोटं कुठे लिहिलं? पिशवी रिकामीच तर होती.

चौथ्या आठवड्यात काकू पदरात टोमॅटो घेऊन बांधावर आल्या. प्रत्येकाला भोक.

"दीर म्हनतो फवारा. मी म्हनलं, सर सांगतील तवा. काय करू?"

अण्णा मागेच उभे होते. मी पिशवी उघडून दाखवली.

"निरंक आहे, काकू. थांबा अजून."

त्या थांबल्या. आठ दिवसांत तोडलेला अर्धा माल उकिरड्यावर गेला. मग अण्णांनीच कुणाला न विचारता दोन औषधं एकत्र कालवली, आणि तोंडाला फडकंही न बांधता दिवसभर पंप मारला. सरीतच कोसळले. सिव्हिलमध्ये तिसऱ्या दिवशी गेले.

आमच्या अहवालात आलं, की या भागात सापळ्यांचा उपयोग दिसून आला नाही. दोन हजारनंतर एका कार्यशाळेत कुणीतरी ते वाक्य वाचून दाखवलं. मी समोर बसलो होतो. इतरांसारखं मीही ते टिपून घेतलं. संध्याकाळी वहीत माझ्याच अक्षरात ते दिसलं.

त्याच आठवड्यात मळ्यावर गेलो. टोमॅटो केव्हाच बंद झाले होते, तिथे आता झेंडू होता. काकूंनी लगेच ओळखलं. मी बांधावर उभा राहूनच डिकीपासून सगळं सांगितलं. त्यांनी फुलांची पाटी खाली ठेवली.

"म्हंजी तुम्हाला ठावं व्हतं."

"हो."

"मी थांबा म्हनाले म्हनून नवरा गेला, हे या घरात मी रोज ऐकते, सर. तुम्ही एकदा आला असता तर..." त्यांनी घराकडे हात केला. म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग? बोलनारी आत बसलीया. तिला सांगा."

काकूंच्या सासूबाई आत लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांना कमी ऐकू यायचं. मला सगळं दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा ओरडून.