खारबावला मी जमीन पाहायला गेलो नव्हतो

या प्रकाराला फजिती म्हणायचे की अन्याय, हे ऐकून झाल्यावर तुम्हीच ठरवा. माझ्या मते हा अन्याय आहे. चहा घ्या, पण माझे पुरते सांगून होईपर्यंत हसू नका. आमच्या सौभाग्यवती अजून हसतात. त्यांना मी क्षमा केली आहे. तुम्हाला करीनच असे नाही.

आमच्या वाचनालयाच्या प्रवास विशेषांकातला सबनीस सरांचा स्वित्झर्लंडवरचा लेख तुम्ही वाचलाच असेल. तिथला बर्फ पांढरा होता, असे त्यांनी चार वेळा लिहिले आहे. पाचव्यांदा लिहिले असते तर कदाचित निळा झाला असता! तर, त्या पानावर माझा लेख यायचा होता.

मी सातवी शिकलेला माणूस. नारपोलीत यंत्रमागांवर जॉबर म्हणून, म्हणजे अडलेले माग चालते करत, उभी हयात काढली. पण शिफ्ट सुटली की माझी पावले घराकडे नव्हे, वाचनालयाकडे वळत. तिथले प्रवासवर्णनांचे कपाट मी वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत दोनदा वाचले आहे. सबनीस सर निवृत्त मुख्याध्यापक. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असते, एवढाच त्यांचा त्या कपाटाशी संबंध.

गेल्या हिवाळ्यात वाचनालयाने ललित प्रवासलेखनाची कार्यशाळा भरवली. शिकवायला देवयानीताई. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण बाई तयारीच्या. शेवटच्या रविवारी प्रत्येकाने आपला लेख वाचायचा आणि त्यांतला एकच अंकात जायचा, असे ठरले.

सबनीस सर लगेच माझ्याकडे वळले. "आम्ही तर युरोप केला आहे. तुमचा प्रवास कुठवर, जॉबरसाहेब? शेजारच्या काल्हेरपर्यंत?"

सगळे हसले. त्या क्षणी मी मनाशी ठरवले, त्या पानावर नाव छापून येईल तर माझेच.

देवयानीताई म्हणाल्या, "प्रवास अंतरात नसतो, नजरेत असतो. काका, तुम्ही जवळच्याच एखाद्या गावी जा. फक्त लेखक म्हणून जाऊ नका. कोण, कुठले, काही सांगू नका. भरपूर विचारा, भरपूर पाहा."

आता मला सांगा, यात चुकीचे काही आहे का? मी शब्दशः तसेच वागलो. माझा गुन्हा असलाच तर आज्ञाधारकपणाचा आहे!

खारबावला गेलो. पांढरा शर्ट, पांढरी विजार, काखेत काळी बॅग. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली, म्हणून डोळ्यांवर डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा. हा पोशाख कशासारखा दिसतो, हे मला घरातून निघताना कोणी सांगितले नाही. सौभाग्यवती म्हणतात, त्यांनी सांगितले होते. असो.

गावाबाहेर एक शेत दिसले. भात निघून गेलेले, त्या जागी वाल फुललेला, बांधावर उंबर, पलीकडून खाडीचा ओलसर वास. मी थबकलो. ताईंनी बजावले होते, "एका जागी नुसते उभे राहा. थोड्या वेळाने जागा आपणहून बोलू लागते."

जागा बोलली नाही. मोरेश्वर बोलला. चाळिशीचा, खांद्यावर टॉवेल, शेताचा मालक.

"शेठ, कवाधरनं बगतंय मी. तुमी उबंच हाय. कुनाकडून आलं?"

"ते मी सांगू शकत नाही," मी नम्रपणे म्हणालो.

"बराबर हाय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मोटी पार्टी कदी नाव सांगत न्हाय."

आपल्या तालुक्यात गोदामे भातापेक्षा वेगाने उगवतात. इथे पाच मिनिटांहून अधिक काळ जो शेताकडे पाहतो तो एकतर बुजगावणे असतो, नाहीतर गिऱ्हाईक. हे मला कळायला हवे होते, हे मान्य. पण वालाच्या फुलांपुढे उभ्या असलेल्या माणसाला गिऱ्हाईक कोण समजेल? असा विचार तुमच्या मनात तरी आला असता का?

ताईंचे दुसरे वचन होते, "जागा पायांनी वाचा." मी बांधावरून सावकाश चालू लागलो. मनात पहिले वाक्य जुळत होते, म्हणून ओठ हलत होते.

"मोजतंय!" मागून एक खणखणीत आवाज आला. मोरेश्वरची आई, हिरूबाई. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात विळा.

"आये, हलू बोल. चुकंल तो."

"चुकूं दे की! जास्ती मोजलं तर आपलंच बरं!"

मी दुर्लक्ष केले. लेखकाने विचलित होऊ नये. उंबराखाली टेकलो आणि मोरेश्वरला विचारले, "ही जागा पूर्वी कोणाची होती?" मला जागेचा इतिहास हवा होता. त्याच्या कपाळावर घाम फुटला.

"आज्याची, शेठ. मंग बापाची. कागद किलियर हाय! वारसदार मी येकटाच!"

"आणि पाऊस पडतो तेव्हा इथे कसे दिसते?"

"पानी भरत न्हाय! आयेची शपथ!"

"माजी शपथ कशाला घालतंय, मेल्या?" हिरूबाई कडाडल्या.

पावसाचे मी सौंदर्यासाठी विचारले होते हो! पण हा माणूस माझ्या प्रत्येक प्रश्नाला शपथेवर साक्ष देत होता.

पुढे जे घडले, त्यावर सौभाग्यवती सर्वांत जास्त हसतात. ताईंनी सांगितले होते, "पाचही इंद्रिये वापरा." शेत पाहून झाले होते, ऐकून झाले होते, हुंगून झाले होते, हाताने चाचपूनही झाले होते. उरले एक. मी चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली.

"आरं, जुना खेलाडी हाय ह्यो!" शेजारच्या बांधावरून आणखी एक गृहस्थ ओरडत आले. पद्माकर, शेजारच्या शेताचे मालक. "चाखून बगतंय, जमीन खारी हाय का गोडी! शेठ, ह्यांची सोडा. माजी चाखा! रोडला लागून हाय!"

"तुजी कशाला चाखतील?" मोरेश्वर उसळला. "तुजे पाच भाऊ सहीला येत न्हाय!"

"आनि तुज्या शेतान श्रावनात म्हशी पवतात, त्ये सांगितलंस का शेठना?"

"कुटं पवतात? कवा पवल्या?"

"माजीच पवली! मीच काडली भायेर!"

दोघांनी माझे एकेक मनगट धरले. एक ओढतो उंबराकडे, दुसरा रस्त्याकडे. काळा चष्मा नाकावर आला. सत्तरी ओलांडलेल्या वाचकाची ही अवस्था! शेवटी हिरूबाईंनी विळा उगारला तेव्हा सुटका झाली. "पावन्याला आदी जेवूं द्या, मंग फाडा!"

त्यांनी घरी नेऊन पानावर बसवले. तांदळाची भाकरी, सुके बोंबील, वालाचे बिरडे. अन्न उत्तम होते, हे मी रागातही कबूल करतो. दोघे मालक दोन बाजूंना बसून मला वाढत होते. मोरेश्वरचे एकच पालुपद चालू होते. शेतजमीन बिगरशेती करून घ्यायला आपल्याकडे एन.ए. म्हणतात ना, त्याचे. "एन.ए. अजून न्हाय, शेठ, पन होऊन जाल. त्याचं टेन्शन घेऊं नका. होऊन जाल."

मी हातातला घास पानात ठेवला. फसवून जेवणे माझ्या तत्त्वात बसत नाही. मी पाण्याचा घोट घेतला आणि स्वच्छ शब्दांत सांगितले, "महोदय, मी जमीन घ्यायला आलेलो नाही. मी लेखक आहे. या गावावर मला एक ललित लेख लिहायचा आहे."

"म्हंजे घेनार न्हाय?" हिरूबाईंनी विचारले.

"नाही."

"मंग चाकली कशाला?"

याचे उत्तर तुमच्याकडे असेल तर सांगा.

पद्माकरांनी मोरेश्वरला कोपर मारले. "न्हाय कसा घेनार? भाव पाडायला बोलतंय. लेखक म्हनं! येवडं उन्हातान्हाचं कोन येतंय लिवायला?"

दोघांनी माझा फोन नंबर घेतला, स्वतःचे नंबर माझ्या बॅगेत कोंबले आणि मला रिक्षात बसवून दिले. रिक्षा हलली तरी पद्माकर ओरडत होते, "भाव सोडून सगलं बोलूं, शेठ!"

घरी येऊन मी लेख लिहिला. संतापून लिहिला, म्हणून उत्तम उतरला. त्या तिघांना मात्र लेखात पाऊल टाकू दिले नाही. कलाकृतीत असली माणसे कशाला?

तो रविवार उजाडला. सबनीस सरांचा बर्फ पांढरा होऊन झाला, टाळ्या पडल्या, आणि मी उभा राहिलो. "पूर्वेस उंबर, पश्चिमेस खाडी. रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर ही भूमी निवांत पहुडली आहे. आजोबांकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे ती निर्वेध चालत आली. इथली माती जिभेला गोड लागते..."

काय सांगू, सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती! खुर्च्या पुढे सरकल्या. शेवटच्या रांगेतल्या एकाने टिपण घ्यायला पेन काढले. एरवी दुसऱ्या वाक्याला पेंगणारे सबनीस सर चष्मा पुसून सावरून बसले. मी मनात म्हटले, पान आपले!

वाचन संपले. देवयानीताई थोड्या घुटमळल्या. "भाषा छान आहे, काका. पण लेखात माणूस एकही नाही. तिथे कोणी भेटले नाही का?"

"भेटले," मी ताठ मानेने म्हणालो. "पण ते लिहिण्याच्या योग्यतेचे नव्हते."

मग सबनीस सर उठले. मुख्याध्यापकी खोकला खोकले. "मला एक विचारायचे आहे."

मी सज्ज झालो. शैलीवर विचारतील, आशयावर विचारतील. त्या कपाटातली प्रत्येक फळी माझ्या पाठीशी उभी होती.

"जमीन एन.ए. आहे का?"

संताप, संताप झाला माझा! उभ्या आयुष्याच्या वाचनाचा हा अपमान! काय खरमरीत उत्तर द्यावे म्हणून मी तोंड उघडले, आणि भर सभेत माझ्याच तोंडून, माझ्याच आवाजात शब्द बाहेर पडले:

"अजून न्हाय, शेठ. पन होऊन जाल."