चुलीवरचे दहा कवेलू

“यांना कराटे शिकवून काय करायचं? मार खाऊन यांची हाडं आधीच पक्की असतात.”

कराटेचा तो चॅम्पियन हे म्हणाला तेव्हा मी त्याच्या पायाशी वाकलो होतो. आमच्या गावच्या शाळेचं मैदान, कराटेचा कार्यक्रम. मोठे लोक खुर्च्यांवर. मी एवढंच विचारलं होतं, “सर, मले शिकवान का?” आयोजक मध्येच बोलला, “बौद्ध मोहल्ल्यातला हाय, सर.” मग त्याचं ते वाक्य. सगळे हसले.

मीही हसलो. हे आजवर कोणाला सांगितलं नाही.

चॅम्पियन तो खराच होता. त्याची लाथ समोरच्याच्या कानाजवळ येऊन थांबायची, केसाला धक्का नाही. त्या दिवशी फोडायला आणलेले नवे कवेलू, छपराची कौलं, त्यानं बोटानं वाजवले, बाजूला सारले. “कच्चे आहेत. जुने आणा.” भर रोवणीच्या पावसाळ्यात स्वतःचं छप्पर कोण उघडं करणार? मी केलं. बावीस वर्षांचा होतो. आई धान रोवायला गेलेली. चुलीवरचे दहा कवेलू काढले, डोक्यावर वाहून नेले. एका फटक्यात त्यानं दहाही फोडले. तळवे लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या मी. आणि मग त्याच्या पायाशी गेलो.

संध्याकाळी आई आली. चूल भिजलेली. तिनं वर पाहिलं.

“कोन नेले?”

“मीच. सरले देलो.”

ती चुलीतली ओली राख उपसू लागली. “मंग? शिकवतो म्हनला का तुले?”

“हो.”

त्यानंतर दोन वर्षं मी पवनीला त्याच्या क्लासला म्हणून सायकल काढायचो आणि वैनगंगेच्या घाटावर बसून परत यायचो. आई माझ्यासाठी रोज एक अंडं उकडायची. मोहल्लाभर सांगायची, “माह्या पोराच्या अंगाले हात लावून पाहा म्हना कोनी!” ती त्याच समजुतीत गेली.

आज त्याच शाळेत मी शिपाई आहे. यंदा त्या चॅम्पियनचा सत्कार ठरला. हेडमास्तर म्हणाले, “दहा जुने कवेलू आना ना भाऊ. मागं तुमीच देले होते म्हनते.”

“नाही आनत.”

“काहून?”

“त्याच्याखाली मानसं रायतात, सर.”

तरी कवेलू आलेच. आमच्याच मोहल्ल्यातून. तो आता म्हातारा, हात थरथरत होता. पण फटका बसला आणि दहाही गेले. काय तो हात! माझे तळवे आपसूक उठले. मी ते पाठीमागे घट्ट धरले. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

घरी जाताना शेजारची काकू दारात उभी. तिच्या छपराला भगदाड.

“तुह्ये गुरू ना बापू ते. म्हनून देलो.”

मी मान खाली घालून पुढे गेलो.

उद्या बोलणार आहे. घरोघर. मी एक दिवसही कराटे शिकलो नाही. तो काय म्हणाला, ते जसंच्या तसं. आणि मी हसलो, तेही. थुंकले तर थुंकू देत. पहिलं घर काकूचं.