चित्रातली आई हसली तेव्हा

अमरावतीच्या त्या प्रदर्शनात माझ्या चित्राला टाळ्या पडल्या. चित्राला एरवी कोणी टाळ्या वाजवत नाही. लोक बघतात, मान हलवतात, पुढच्या चित्राकडे सरकतात. त्या दिवशी मात्र माझ्या आईच्या चित्रासमोर माणसं खरोखर टाळ्या वाजवत होती आणि मी बाजूला उभी राहून हात जोडत होते. ते हात जोडणं आठवलं की अजून कानशिलं तापतात.

मी अकोल्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. माहेर भातकुलीकडचं. घरी फुलांची शेती, दसऱ्या-दिवाळीला झेंडू, थोडी शेवंती. बाबा आणि दादा तोडायचे, आई ती फुलं घेऊन अमरावतीच्या बाजारात बसायची आणि बसल्या जागी हार ओवायची. ती गेल्यावर मी तिचं चित्र काढलं. समोर फुलांची पाटी, हातात सुई, नजर खाली, ओठ मिटलेले. तेलरंगात माझ्या हातून इतकं बरं चित्र आधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालेलं नाही.

आईचे ओठ मिटलेले असण्याला कारण होतं. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. तिथलं पाणी पिऊन वाढलेल्या माणसांचे दात पिवळे, त्यावर तपकिरी चट्टे. आईचे तसे होते, दादाचे तसे आहेत, माझेही होते. आई हसायची तेव्हा पदर तोंडावर यायचा. गिऱ्हाईकाशी दोन शब्द गमतीचे बोलली तरी हात आपोआप वर जायचा. काही वर्षांपूर्वी मी अकोल्यातल्या दातांच्या डॉक्टरकडे जाऊन पुढच्या दातांवर कॅप बसवून घेतल्या. शाळेच्या प्रत्येक फोटोत ओठ आवळून उभं राहायचा कंटाळा आला होता. त्यात काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

प्रदर्शनाचं काम बघणारी मुलगी अमरावतीचीच होती, बाहेरून शिकून आलेली. विदर्भातल्या चित्रकारांची चित्रं ती जमवत होती आणि प्रत्येक चित्राला, तिच्या भाषेत, ‘एक थर’ जोडणार होती. तिने माझ्याच घरातल्या भिंतीवरच्या एका निसर्गचित्रावर करून दाखवलं. चित्र भिंतीवर जसंच्या तसं होतं. टॅब समोर धरला की त्याच्या काचेतून त्याच चित्रातलं झाड हलायचं, पानं गळून चौकटीबाहेर, माझ्या सोफ्यावर पडायची. टॅब खाली केला की सोफा रिकामा. ऑगमेंटेड रिॲलिटी हा शब्द मी पेपरात वाचला होता, पण पान सोफ्यावर पडताना पाहिलं आणि मीच लहान मुलासारखी “पुन्हा, पुन्हा” म्हणत बसले.

“आईंनी वर बघावं आणि हसावं, असं माझ्या डोक्यात आहे,” ती म्हणाली. “हसतानाचा एखादा व्हिडिओ असेल?”

व्हिडिओ नव्हता. फोटो होते, पण सगळ्यांत ओठ मिटलेले. एकात पदराआड अर्धा चेहरा.

तिने एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “मॅडम, तुमचा चेहरा अगदी त्यांचाच आहे. तुम्हीच हसा ना. तुमच्या चेहऱ्याची हालचाल मी त्यांना देते.”

मी खिडकीजवळ बसले. खाली बघायचं, सावकाश वर बघायचं, हसायचं. “अजून मोकळं,” ती म्हणायची, “दात दिसू द्या.” गाल दुखेपर्यंत मी हसत होते. आईच्या वतीने हसतेय असं काहीतरी मनात येऊन मला भरूनही आलं होतं.

उद्घाटनाच्या दिवशी मी ते पहिल्यांदा पाहिलं. टॅबच्या काचेत आई सुई ओवत होती, मग तिने मान वर केली, थेट माझ्याकडे पाहिलं आणि हसली. फुलांच्या पाटीतून झेंडू उडून आजूबाजूला पसरले. मागे कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, “किती गोड हसतात हो तुमच्या आई.” मी हात जोडले. त्याच आनंदात हॉलच्या पायऱ्यांवर येऊन दादाला फोन केला.

“दादा, आई हसून राहिली. तू ये पाहाले.”

“काय बोलतं बाई तू?” तो म्हणाला. लहानपणापासून तो मला ‘बाई’च म्हणतो. मी समजावलं, तरी त्याला कळलं नसावं. पण दुसऱ्याच दिवशी तो वहिनीला घेऊन एस.टी.ने आला. धुतलेला पांढरा शर्ट, गळ्यात दुपट्टा, हातात माझ्यासाठी पिशवीभर तुरीच्या शेंगा.

हॉलमध्ये कॉलेजच्या मुलींचा घोळका होता. मी दादाला पुढे नेलं, सगळ्यांना सांगितलं की हा माझा मोठा भाऊ, आणि टॅब त्याच्या हातात दिला. शेतात खपलेल्या त्या हातांत तो टॅब शाळेतल्या पाटीसारखा वाटला. आईने मान वर केली. हसली. दादाने माझ्याकडे बघून भुवई उचलली, आणि मी त्याला पुन्हा सुरू करून दिलं. पुन्हा आई हसली.

“बाई,” तो म्हणाला, “मायले असे दात कुठून आले?”

शेतात बोलायची सवय असलेला आवाज. सगळा हॉल वळून पाहायला लागला. मुली खुदकन हसल्या. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, त्यांना तो प्रश्नच गमतीचा वाटला. प्रदर्शनाचं काम बघणारी ती मुलगी पटकन पुढे आली. “काका, हे डिजिटल आहे. हसू मॅडमचं घेतलंय, त्यांच्या आईंवर बसवलंय.”

दादाने माझ्याकडे पाहिलं. तोंडाकडे पाहिलं. “हो,” तो म्हणाला, “तुहेच दात हायेत हे.”

आणि मी म्हणाले, “दादा, हळू बोल ना. सगळे ऐकताहेत.”

हे मी वर्गात मुलांना गप्प करते त्या आवाजात म्हणाले. घरी मी दादाशी अशी भाषा कधी बोलत नाही. घरी ‘मले’, ‘तुले’, सगळं आपोआप येतं. तो क्षणभर माझ्याकडे अनोळख्यासारखा बघत राहिला आणि मग त्याने टॅब अगदी जपून, जणू त्यातून काही सांडेल असा, परत दिला.

तेवढ्यावर भागलं असतं. पण घोळक्यातली एक मुलगी फोन घेऊन पुढे आली. “काका, तुम्ही पण चित्राजवळ उभे राहा ना. आजी हसतील तेव्हा तुम्ही पण हसा. आई आणि मुलगा, मस्त येईल. स्माइल, काका!”

दादाचा हात दुपट्ट्याकडे गेला आणि दुपट्टा तोंडावर आला. अगदी आई घ्यायची तसा. त्याला तसं करताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. शेतात, घरी, नातेवाइकांत तो तोंडभर हसतो. माझ्या प्रदर्शनात, माझ्या टाळ्यांच्या मध्ये उभा राहून त्याला तोंड झाकावं लागलं. वहिनीने त्याच्या दंडाला धरलं. “चला,” ती म्हणाली, “मले चहा पाह्यजे.”

बाहेरच्या टपरीवर आम्ही चहा प्यायलो. दादा रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि म्हणाला, “चांगलं हाय बाई. लोकायले आवडून राहिलं.” मग घरच्या तुरीबद्दल बोलत राहिला, यंदा शेंग कशी भरली, डुकरांनी काय केलं. मी “हो, हो” करत होते. एस.टी. स्टँडवर त्यांना बसमध्ये बसवलं तेव्हा त्याच्या पायाला हात लावावा असं वाटलं, पण गर्दी होती, बस हलली.

हॉलमध्ये परत येऊन मी प्रदर्शनाच्या त्या मुलीला म्हटलं, “आईचे दात बदलता येतील?”

ती विचारात पडली. लोक याच चित्रासाठी येत होते, हे ती म्हणाली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर ते होतं. “येतील मॅडम. पण मला खऱ्यासारखं करायचं तर रेफरन्स लागेल. तसे दात असलेलं कोणीतरी कॅमेऱ्यासमोर हसायला हवं.”

तसे दात असलेलं कोणीतरी. माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस होता, आणि आपण त्याला काय विचारायला निघालोय हे कळत असूनही मी रविवारी गावाला गेले.

दादा खळ्यावर होता. मी ओसरीत बसून वहिनीजवळ विषय काढला. अर्धवटच काढला, शब्दच सापडेनात. “थे पोरगी म्हणून राहिली का दादा जर थोडा हसला असता कॅमेऱ्यासमोर...”

“काहून?” वहिनी म्हणाली. “त्याईचे दात पाहाले?”

दादा कधीपासून दारात उभा राहून ऐकत होता, मला कळलं नाही. तो आत येऊन खाली बसला, पाय पुसले.

“पाह्य बाई,” तो म्हणाला, “मी हसतो. मले काही नाई. पण मायनं लोकायसमोर दात कधी दाखवले नाई. पांढरे दाखव का पिवळे दाखव, तिले चाललं नसतं.”

हे मला सुचलं नव्हतं. तेलरंगात तिचे ओठ मीच तर मिटलेले काढले होते. ते काढताना माझ्या हाताला जे ठाऊक होतं ते टाळ्या ऐकून मी विसरले होते. मला रडू आलं, आणि दादासमोर रडायचीही लाज वाटली, कारण रडले की तोच मला समजावणार होता. तसंच झालं. “अवं, रडतं काहून?” तो म्हणत राहिला.

वहिनी मात्र उठली. सासूबरोबर तिने जन्म काढलेला. पायरीवर बसून तिने खोटी सुई धरली, खोटा दोरा ओढला, मान वर केली, आणि हसू येता येता डाव्या हाताने पदर ओढून तोंडावर घेतला. डोळे तेवढे बाहेर. डोळेच हसत होते. दादा ओरडला, “मायच हाय थे!” आणि तो इतक्या जोरात हसला की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. मी फोनवर ते चित्रित केलं. वहिनीने लाजत लाजत तीनदा करून दाखवलं.

त्या मुलीने ते काम मनापासून केलं. शेवटच्या काही दिवसांत टॅबमधली आई पदर तोंडावर घेऊन हसायला लागली. झेंडू उडेनासे झाले, ते मीच काढायला सांगितलं. टाळ्याही थांबल्या. आधीचं पाहिलेले लोक मैत्रिणींना घेऊन यायचे आणि विचारायचे, “ते मोकळं हसणं कुठे गेलं? ते जास्त छान होतं.” मी सांगायचे की आई अशीच हसायची. ते मान हलवून पुढच्या चित्राकडे जायचे. दादाला फोन केला, तर म्हणाला, “तूर काढून राहिलो बाई. आता येनं होत नाई.” मी आग्रह केला नाही. त्या हॉलमध्ये त्याने पुन्हा यावं असं म्हणायचं तोंड मला नव्हतं.

प्रदर्शन संपलं, चित्र अकोल्याला परत आलं. पण पहिलं हसू टॅबवरून लोकांच्या फोनांत टिपलं गेलं होतं. कॉलेजच्या त्या मुलींनीच ते पाठवलं असेल, कोणी कोणी आणखी पुढे. आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही ते आलं. काकू किती सुंदर दिसतात, म्हणून फुलांच्या, जोडलेल्या हातांच्या इमोजी. मी खाली लिहिलं की हे खरं नाही. त्यावर कोणीतरी अंगठा दाखवला.

उन्हाळ्यात चांदूर रेल्वेला नात्यातलं लग्न होतं. पंगतीत दादा माझ्या समोरच्या ओळीत बसला होता. बाजूच्या चुलतभावाने फोन काढून दोन-चार जणांना तो व्हिडिओ दाखवला. “पाहा, आपली काकू. जशी काही आत्ता बोलन.” फोन हातोहात फिरत दादापर्यंत गेला. त्याने तो पूर्ण पाहिला, मधे थांबवला नाही.

“माय नोहे थे,” तो म्हणाला. “थे आमची बाई हाय.”

सगळे हसले, त्यांना वाटलं गंमत करतोय. मग एकेक जण वळून माझ्या चेहऱ्याकडे पाहायला लागला, फोनकडे पाहायला लागला, पुन्हा माझ्याकडे. मी ताटातली पोळी मोडत राहिले. वर बघितलं असतं तर काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि दादा खरं तेच बोलत होता.

त्याने फोन परत केला, वाढणाऱ्याला हाक मारून माझ्या ताटात वरण घालायला सांगितलं, आणि मला विचारलं की अकोल्याची गाडी किती वाजता आहे, त्याला स्टेशनपर्यंत सोडायला यायचं होतं.