फ्रेमच्या पाठीमागचं बडोदं

…दूध तापवून झालं होतं, कुकर लावला होता आणि मी देवघरातल्या तसबिरी पुसत होते. गणपतीच्या फ्रेमला कसर लागलेली दिसली, म्हणून मागचा ब्राऊन पेपर फाडला आणि पक्कडीने बारीक खिळे काढले.

ही फ्रेम एका गिऱ्हाइकाने बनवून घेतली आणि तो न्यायलाच आला नाही. यांचं बडोद्याच्या लहरीपुऱ्यात फ्रेमिंगचं दुकान होतं. चार वर्षांपूर्वी हे गेले आणि ती फ्रेम घरी आली.

आत गणपतीला आधार म्हणून एक जाड पुठ्ठा होता. उलटा केला… तर तो फोटो! लहरीपुऱ्याचा जुना बाजार. दुकानांची रांग, पाट्या, टांगा, एका पायरीवर बसलेला पगडीवाला माणूस.

मग आठवलं. एक जुना फोटो स्टुडिओ बंद होत होता, तेव्हा यांनी तिथल्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या फोटोंचा गठ्ठा उचलून आणला होता. "एवढा जाड पुठ्ठा आता मिळत नाही," म्हणाले होते. तो सगळा गठ्ठा एकेक करून गिऱ्हाइकांच्या फ्रेमच्या पाठीला गेला.

मी फार शिकलेली नाही, पण बडोद्याबद्दल मिळेल ते वाचते. व्हॉट्सअ‍ॅपवर जुन्या बडोद्याच्या फोटोंचा एक ग्रुप आहे, तिथे हा टाकला आणि कुठे सापडला ते खरं लिहिलं. एकाने लगेच लिहिलं, "शहराचा इतिहास पुठ्ठा म्हणून वापरला? धन्य!" मी उत्तर दिलं, "पुठ्ठा म्हणून वापरला, म्हणून राहिला. स्टुडिओतलं बाकीचं सगळं भंगारात गेलं."

दुपारी जवळच्या पादरा गावाहून एका म्हाताऱ्या गुजराती गृहस्थांचा फोन आला. "बेन, ती पाटी आमच्या दुकानाची. पायरीवर बसलेले माझे दादाजीच… नाक माझ्या वडिलांचं आहे. आमच्या घरात त्यांचा एकही फोटो नाही."

असे अजून कोणाकोणाचे आजोबा कुठे कुठे भिंतीला तोंड करून बसले असतील?

आमच्या हॉलमध्ये यांचा फोटो आहे, त्याच्या मागेही असाच एखादा असेल का? त्याची फ्रेम यांनी स्वतःच केलेली, मागचा कागद स्वतःच्या हाताने चिकटवलेला. तो फाडायचा म्हणजे… संध्याकाळपर्यंत मी नुसतीच समोर बसून होते.

खालच्या मजल्यावर राहणारी नणंद वर आली, तिला सगळं सांगितलं. "जाऊ द्या ने, वहिनी! दादाच्या हातचं काम आहे. तुम्हाला काय म्युझियम काढायचंय?"

"त्या पादऱ्याच्या माणसाचा आवाज तू ऐकला नाहीस," मी म्हटलं.

तिने पदर खोचला. मग म्हणाली, "मी काच धरते. तुम्ही धसमुसळ्या आहात."

कागद फाडताना हात थांबला, पण फाडला. आत साधा, पातळ, पिवळा पडलेला पुठ्ठा निघाला. त्यावर पेन्सिलने यांच्या अक्षरात माप, बस्स.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसत सुटलो. नणंद म्हणाली, "पक्का दुकानदार! चांगला माल गिऱ्हाइकाला, घरच्यांना चालेल ते!" खूप दिवसांनी यांच्यावरून हसले… बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी पक्कड, खिळे आणि ब्राऊन पेपर पिशवीत घातला आणि रिक्षाने निजामपुऱ्याला, यांनी केलेली फ्रेम अजून भिंतीवर असलेल्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या घरी गेले.