कोटाची कंबर

"काढ तो कोट."

"का? मला शोभत नाही?"

"शोभतो गं. पण साडेदहाला त्या बाईला मुलाखतीला पोचायचंय. काढ आता."

धाकटीनं कोट काढला नाही. शिलाई मशीनच्या खोलीत आरशापुढे उभी राहून ती बाह्यांवरचे दोरे टिपत राहिली. थोरली दारात गाडीची किल्ली घेऊन उभी.

राखाडी कोट थोरलीचा. पहिल्या मोठ्या पदाच्या मुलाखतीला घेतलेला. आता ती कर्ज देणाऱ्या एका मोठ्या कंपनीत खातेप्रमुख होती आणि दोघी जिथं शिकल्या त्या शाळेच्या जिन्यात तिचा फोटो लागला होता. नोकरी सुटून घरी बसलेल्या बायकांना ती दर शनिवारी शाळेच्या वाचनालयात बोलावी, समोर बसवून खोट्या मुलाखती घेई आणि खऱ्या मुलाखतीच्या दिवशी हा कोट घालायला देई. पाच वर्षांत सव्वीस जणी त्या कोटातून कामाला लागल्या होत्या.

सव्वीस वेळा तो धाकटीकडे आला होता. कुणासाठी कंबर आत घालायची, कुणासाठी उसवून सैल करायची. त्या बायकांची नावं तिला आठवत नसत, मापं आठवत. कोट परत आला की काखेतल्या अस्तरावरून तिला कळे, कोण किती घाबरली होती. मग अस्तर धुताना ती स्वतःशीच पुटपुटे, एवढं घाबरूनही नोकरी मिळाली बाईला.

थोरलीनं जवळ येऊन कोटाची शिवण चिमटीत धरली. "ही कंबर कुणाच्या मापाची आहे?"

"माझ्या."

"बारके, कुठं निघालीस?"

"तिथंच. औषधांच्या त्याच कंपनीत, हिशेबाच्या त्याच जागेसाठी. तुझ्या बाईला साडेदहा, मला अकरा."

थोरली मशीनच्या स्टुलावर बसली. अर्ज कधी केलास, मला का नाही सांगितलंस, असं बरंच विचारून झालं. शेवटी तिनं जुनं काढलं. पहिल्याच वर्षी मी तुला शनिवारी ये म्हटलं होतं, तू भरल्या ताटावर म्हणालीस, मला कुणाचा टेकू नको.

म्हटलं होतं खरं. आईला जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते. आईच्या आजारपणात धाकटीनं हिशेबाची चांगली नोकरी सोडली होती, कारण थोरलीची बदली लांब झाली होती आणि कुणीतरी घरी हवं होतं. तीन वर्षांनी आई गेली, थोरली बढती घेऊन परतली. शाळेत तिचा सत्कार झाला. जुन्या गणिताच्या बाईंनी धाकटीला जवळ घेऊन विचारलं होतं, तू तिची बहीण ना, तू काय करतेस? धाकटीनं शिवणकाम म्हणून सांगितलं. पुढं काय विचारावं ते बाईंना सुचलं नव्हतं.

"पोटात दुखतं माझ्या," धाकटी म्हणाली. "म्हण की तसं. मलाही माहितीये. तुझ्या यशानं नाही दुखत, ताई. त्या सव्वीस जणींनी दुखतं."

बेल वाजली. दारात घड्याळबाई. कुठंही अर्धा तास आधी पोचते म्हणून शनिवारच्या बायकांनी ठेवलेलं नाव. अंगानं भरलेली, हातात फाइल, कपाळावर आत्ताच घाम. कोट झाला का हो, असं तिनं इतकं हळू विचारलं की धाकटीला तिचा रागही धड येईना.

धाकटीनं तिला बाहेर खुर्ची दिली. आत येऊन कोट काढला, स्टुलावरून थोरलीला उठवलं आणि काल संध्याकाळी स्वतःसाठी घातलेली शिवण उसवायला घेतली. टाका टाका, सरळ रेषेत. थोरली म्हणाली, तिचं झालं की कोट तू घाल, मी खाली थांबते.

"पोतं दिसेन त्यात. राहू दे." तिनं दोरा तोडला. "दरवर्षी शाळेच्या भाषणात काय सांगतेस तू? नाही म्हणणारीला तू सोडत नाहीस."

"तीनदा फोन करते."

"मला किती केलेस?"

धाकटीनं कोटाला इस्त्री फिरवली, घड्याळबाईच्या अंगावर चढवला, कॉलर बसवली, मागून पुढून पाहिलं. मापात बसला होता. मग स्वतःचा निळा स्वेटर घातला आणि फाइल घेतली.

"मी दोघींना सोडते," थोरली मागून आली. "आणि ऐक, तिथला साहेब मधल्या रिकाम्या वर्षांबद्दल आधी विचारतो. त्याला काय सांगायचं, ते मी हिला शिकवलंय. तुलाही सांगते. बारके, दोन मिनिटं."

"गाडीत सांग," म्हणत धाकटीनं गळ्यातली मापाची टेप काढून दाराच्या कडीला अडकवली आणि जिना उतरायला लागली.