चुकीच्या नावावर गेलेलं पुस्तक

टायपिस्टबाईंची भाची खाऱ्या विहिरींवर संशोधन करत होती. निबंध छापायला पाठवण्याआधी ती संदर्भांची यादी घेऊन मावशीकडे आली, कारण कॉलेजच्या कार्यालयात उभं आयुष्य टायपिंगमध्ये घालवलेल्या बाईंच्या नजरेतून सुटलेला स्वल्पविरामही सुटत नसे.

“सतराव्या पुस्तकाचं प्रकाशन वर्ष राहिलंय,” बाई म्हणाल्या. “पुस्तक बघून भर.”

“मावशी, ते पुस्तक मी पाहिलेलंच नाही.”

“अगं, मग पान अठ्ठ्याऐंशी कुठून आणलंस?”

“सगळ्यांनी तसंच लिहिलंय,” भाची पुटपुटली.

बाईंनी तिला चांगलंच फैलावर घेतलं आणि मग स्वतःच पदर खोचून तिच्याबरोबर ग्रंथालयात गेल्या. यादीप्रमाणे पुस्तक मिठागरांवरचं, लेखक एक अभियंता. पण नोंदवहीत त्या अभियंत्याच्या नावावर एकच पुस्तक होतं आणि ते होतं विहिरींवर. इकडे अकरा निबंधांत मात्र तेच नाव आणि तेच पान. एकाचं बघून दुसऱ्यानं उतरवलेलं, दुसऱ्याचं तिसऱ्यानं. माग काढत काढत दोघी सगळ्यात जुन्या उल्लेखापाशी आल्या. तो होता बाईंच्याच कॉलेजातल्या एका सरांच्या बावीस वर्षांपूर्वीच्या प्रबंधात. पहिल्याच पानावर आभार होते, ‘सुबक टंकलेखनासाठी’, आणि खाली बाईंचं नाव.

बाईंनी ते पान पुन्हा एकदा वाचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी सरांचं घर गाठलं. निवृत्त झाले तरी सरांनी आपली संदर्भांची टिपणकार्डं बिस्किटांच्या डब्यांत जपून ठेवली होती. एकामागोमाग दोन कार्डं निघाली. पहिल्यावर अभियंता आणि विहिरी. दुसऱ्यावर भूगोलाच्या एक शिक्षिका आणि मिठागरं. बाईंनी नाव पहिल्या कार्डावरचं घेतलं होतं, पुस्तक दुसऱ्यावरचं.

“मीही न वाचताच सही ठोकली,” सर म्हणाले. “चूक दोघांची.”

“पण सर, एका बाईचं नावच मी पुसून टाकलं हो!”

सरांनी पुस्तकाच्या जुन्या प्रकाशकाकडून शिक्षिकेचा नंबर तेवढा मिळवून दिला.

फोन शिक्षिकेनं स्वतःच उचलला. वय चौऱ्याऐंशी, आवाज खणखणीत. “ते पुस्तक कुणी वाचलं?” पुस्तकाचं नाव काढताच त्यांनी आश्चर्यानं विचारलं. “मला वाटलं, न खपलेले गठ्ठे वाळवीनं खाल्ले.”

बाईंनी अडखळत सगळं सांगितलं.

“अकरा जणांनी?”

“हो.”

“पान कुठलं म्हणालात?”

“अठ्ठ्याऐंशी.”

“त्या पानावर मोजमापं आहेत. तीन उन्हाळे गुडघाभर चिखलात उभं राहून घेतलेली.” शिक्षिका म्हणाल्या. “आणि ती त्या अभियंत्याच्या नावावर?”

बाईंना हुंदका आवरेना. “माझ्या हातून झालं ते, ताई.”

“रडू नका. दुरुस्त करा,” शिक्षिका म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

बाईंनी अकराही जणांना पत्रं टाईप केली, खाली सरांची आणि स्वतःची सही. सात जणांनी दुरुस्ती छापून आणली. दोघांनी ‘एवढ्याशा गोष्टीचं काय’ असं कळवलं. उरलेल्या दोघांचं उत्तरच आलं नाही; त्यांना बाईंनी पुन्हा लिहिलं. भाचीनं निबंध थांबवला, शिक्षिकेच्या घरी जाऊन पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं आणि निघताना त्यांची मोजमापांची, चिखलाचे डाग पडलेली वही उतरवून घ्यायची परवानगी मागितली.